कारखान्याची वाटणी कशी करायची? वेल्सचे खासदार लंडनला प्रश्न का विचारतात

मार्च 2016 च्या अखेरीस ब्रिटनच्या संसदेतले एक खासदार मुंबईत येऊन दाखल झाले. नाव स्टीफन किनॉक, पक्ष मजूर, मतदारसंघ अ‍ॅबरॅव्हन. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्ट टॉलबॉट हे पोलादाचं गाव याच मतदारसंघातलं, आणि तिथला अवाढव्य कारखाना 2007 पासून टाटा स्टीलचा. ब्रिटनमधला धंदा ठेवायचा की काढून टाकायचा, हे टाटा स्टीलच्या संचालक मंडळाच्या मुंबईतल्या बैठकीत ठरणार होतं. म्हणून कामगार संघटनेच्या नेत्यांबरोबर किनॉकही इथे आले. निर्णय विकण्याच्या बाजूने लागला. (पुढे पोर्ट टॉलबॉटची विक्री काही झाली नाही.)

आपल्याकडे ही बातमी टाटांची म्हणून वाचली गेली. मला मात्र भलतंच कोडं पडलं होतं. वेल्सला स्वतःचं सरकार आहे, कार्डिफमध्ये विधिमंडळ आहे, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा 'फर्स्ट मिनिस्टर' आहे. मग कारखाना वाचवा म्हणून तिथले खासदार लंडनच्या संसदेत का ओरडतात? आणि लंडनचे मंत्री निम्म्या वेळा "हा विषय वेल्स सरकारचा" म्हणून हात झटकत असतील, तर पुन्हा पुन्हा तिथेच का विचारतात?

उत्तर एका वाक्यात सांगायचं तर विषय वाटता येतात, कारखाना वाटता येत नाही. पण ते नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

चूल वेगळी, सातबारा एकाच नावावर

ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असा चौघांचा संसार. शतकानुशतकं बहुतेक कारभार लंडनहून चाले. सप्टेंबर 1997 मध्ये स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सार्वमत झालं. वेल्समध्ये 'हो' म्हणणारे 50.3 टक्के निघाले, फरक फक्त 6,721 मतांचा. आपल्याकडे एखाद्या आमदाराचा निकाल इतक्या मतांनी लागतो. तिथे एका देशाचं विधिमंडळ तेवढ्यावर जन्माला आलं. 1999 मध्ये ते सुरू झालं आणि 2020 पासून त्याला 'सेनेद' म्हणतात.

या व्यवस्थेला अधिकार-हस्तांतरण म्हणतात. मुख्य संसदेने कायदा करून आपले काही अधिकार एखाद्या प्रदेशाच्या विधिमंडळाकडे सोपवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

हे आपल्या राज्यांसारखंच झालं की, असं वाटेल. पण एक मोठा फरक आहे. महाराष्ट्राचे अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलेले आहेत आणि साधा कायदा करून दिल्लीला ते काढून घेता येत नाहीत. वेल्सचे अधिकार मात्र लंडनच्या संसदेच्या कायद्यातून आलेले आहेत. वेल्सच्या संमतीशिवाय तिच्या विषयात लंडन "सहसा" कायदा करणार नाही असा संकेत आहे, पण तो कोर्टात टिकवून घेता येत नाही हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगून टाकलं. थोडक्यात, धाकट्याला चूल वेगळी मांडून दिली आहे, तो काय शिजवतो यात कुणी डोकावत नाही. पण सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, विहीर सामाईक आहे आणि विजेचं मीटरही त्यांच्याच नावाचं.

वाटणीतही गंमत आहे. आरोग्य, शाळा, शेती, स्थानिक रस्ते कार्डिफकडे. संरक्षण, परराष्ट्र धोरण, व्यापार, बहुतेक कर, बेकारी भत्ता लंडनकडे. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय म्हणून लहान मुलालाही माहीत असतो; वेल्समध्ये पोलीस लंडनच्या अखत्यारीत आहेत. स्कॉटलंडमध्ये तेच पोलीस एडिंबरोकडे. सगळ्यांना एकच माप लावलेलं नाही, आणि निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

एक कामगार, दोन सरकारं

आता पोर्ट टॉलबॉटकडे परत येऊ. सप्टेंबर 2023 मध्ये ठरलं की तिथल्या कोळशावर चालणाऱ्या झोतभट्ट्या बंद करून भंगार वितळवणारी विजेची भट्टी बसवायची. खर्च 125 कोटी पौंड, त्यातले 50 कोटी ब्रिटिश सरकारचे. जानेवारी 2024 मध्ये टाटा स्टीलने जाहीर केलं की यात 2,800 पर्यंत नोकऱ्या जातील. 30 सप्टेंबर 2024 ला शेवटची झोतभट्टी विझली.

त्या दिवशी घरी गेलेल्या कामगाराचं उदाहरण घ्या. त्याला भत्ता हवा असेल तर तो लंडनच्या खात्याकडून. नवं काम शिकायचं तर प्रशिक्षण कार्डिफच्या पैशाने. ताणाने रक्तदाब वाढला तर दवाखाना कार्डिफचा. कारखान्याला मिळालेलं अनुदान लंडनचं. नव्या भट्टीच्या बांधकामाला परवानगी स्थानिक परिषदेची, नियोजनाचे नियम कार्डिफचे. भट्टीला लागणाऱ्या विजेचं धोरण लंडनचं. परदेशातून स्वस्त पोलाद आलं तर त्यावर शुल्क लावायचं की नाही, हेही लंडनच ठरवणार.

"आर्थिक विकास हा वेल्स सरकारचा विषय आहे" हे वाक्य कागदावर खरं आहे. पण वीज, व्यापार आणि मोठं भांडवल बाजूला काढलं तर पोलादाच्या गावात आर्थिक विकास म्हणून उरतं काय? औद्योगिक वसाहतीतला रस्ता आणि प्रशिक्षणाचे वर्ग. त्यांचं महत्त्व आहेच, पण झोतभट्टी त्यांच्यावर पेटत नाही. म्हणून खासदार लंडनला विचारतात.

"काय चर्चा केली?" हा असला कसला प्रश्न

लंडनच्या मंत्रिमंडळात वेल्ससाठी एक स्वतंत्र मंत्री असतो. हे पद 1964 पासूनचं, म्हणजे सेनेदच्या कितीतरी आधीचं. संसद चालू असताना साधारण चार-पाच आठवड्यांतून एकदा, बुधवारी सकाळी साडेअकरा ते बारा, हे मंत्री वेल्सवरच्या प्रश्नांना तोंड देतात. बाराला पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं सुरू होतात, त्यामुळे तोवर सभागृह भरत आलेलं असतं, गलकाही वाढलेला असतो.

आपल्याकडे असं पद नाही. केंद्रात 'महाराष्ट्र मंत्री' आहेत आणि महिन्यातून एकदा अर्धा तास त्यांना फक्त महाराष्ट्राबद्दल विचारायचं, अशी कल्पना करून बघा. आपल्याकडे जवळात जवळचं म्हणजे ईशान्य भारताच्या विकासासाठीचं वेगळं मंत्रालय.

बाकी पद्धत ओळखीची आहे. लोकसभेतल्या तारांकित प्रश्नांसारखे इथेही प्रश्न आधी द्यावे लागतात आणि नावं सोडतीने निघतात. पण कामकाजपत्रिकेवरचे प्रश्न वाचले की हसू येतं. बऱ्याच प्रश्नांचा साचा एकच: वेल्समधल्या पोलाद उद्योगाबद्दल मंत्र्यांनी व्यापारमंत्र्यांशी अलीकडे काय चर्चा केली? चर्चा काय केली! अहो, कारखाना बंद होतोय, तो वाचणार का ते विचारा ना.

तसं विचारता येत नाही, कारण नियम आडवा येतो. मंत्र्याला त्याच्या जबाबदारीत येईल तेवढंच विचारता येतं. 25 ऑक्टोबर 1999 ला ब्रिटनच्या लोकप्रतिनिधी सभागृहाने ठरावच केला की प्रदेशांकडे सोपवलेल्या विषयांवर लंडनच्या मंत्र्यांना प्रश्न नकोत. अपवाद थोडे ठेवले: लंडनला ती माहिती मागवण्याचा अधिकार असेल, दोन सरकारांमधल्या संपर्काबद्दल विचारायचं असेल, किंवा लंडनच्या हातात अजून असलेल्या अधिकारात काही कृती करा असं सांगायचं असेल, तर चालेल.

शिवाय पोलाद वेल्स मंत्र्याच्या खात्यात नाही, ते व्यापार आणि उद्योग खात्याकडे. मग वेल्स मंत्र्याची जबाबदारी काय? सहकारी मंत्र्यांशी बोलणं, वेल्सची बाजू मांडणं. म्हणून प्रश्न "काय चर्चा केली" असा. प्रश्न दाराच्या फटीतून आत सरकवण्यासाठी त्याला इतकं सपाट केलेलं असतं.

खरा दात त्यानंतर दिसतो. छापील प्रश्नाचं छापील उत्तर आलं की खासदाराला एक उपप्रश्न विचारता येतो, आणि तो आधी सांगावा लागत नाही. आमच्या गावात किती घरांत चूल पेटायची बंद झाली, 50 कोटी पौंड देताना नोकऱ्यांची अट का घातली नाही, हे सगळं उपप्रश्नात येतं. मंत्र्याच्या हातातली फाइल कितपत जाड आहे ते तेव्हाच कळतं.

पैसे कसे येतात: बार्नेट सूत्र

वेल्सच्या अर्थकारणावरचा जवळजवळ प्रत्येक वाद फिरून एका नावापाशी येतो. जोएल बार्नेट 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या अर्थखात्यात मंत्री होते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला किती पैसे द्यायचे यावर दरवर्षी होणारी घासाघीस टाळायला त्यांच्या काळात एक सूत्र लागू झालं. तात्पुरतं म्हणून आलं, अजून आहे. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळेच्या दोन पिढ्या शिकतात, तसंच.

सूत्र असं: थोरल्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी वडिलांनी यंदा जास्तीचे पैसे काढले, तर माणशी तेवढेच धाकट्याच्या घरी द्यायचे. धाकट्याने ते फीवर खर्चावेत की छप्पर शाकारावं, ही त्याची मर्जी. वेल्सची लोकसंख्या 31 लाखांच्या आसपास, इंग्लंडच्या साधारण साडेपाच टक्के. इंग्लंडच्या शाळांसाठी 100 कोटी पौंड वाढवले तर वेल्सला साडेपाच कोटींच्या आसपास मिळणार. लंडन आणि कार्डिफ यांच्यातल्या 2016 च्या करारानंतर त्यावर पाच टक्के भर पडते, म्हणजे सुमारे 5 कोटी 78 लाख.

यात दोन खाचा आहेत. पहिली, हिशेब फक्त वाढीचा किंवा कपातीचा होतो. मूळ रकमेला कुणी हात लावत नाही. दुसरी, गरज किती ते सूत्र विचारतच नाही, डोकी मोजतं. वेल्समध्ये म्हातारी माणसं जास्त, जुने खाणकामगार, आजारपण जास्त. अर्थतज्ज्ञ जेराल्ड होल्टहॅम यांच्या आयोगाने 2010 च्या सुमारास हिशेब मांडला की इंग्लंडमध्ये माणशी 100 पौंड लागतात तिथे वेल्सला 115 च्या घरात लागतील. वरची पाच टक्के भर त्यातूनच आली. खुद्द बार्नेट यांनीही उतारवयात हे सूत्र बदला म्हणून सांगितलं होतं.

आपल्याकडे दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो. लोकसंख्या, क्षेत्रफळ, उत्पन्नातली दरी असं बरंच काही तोलून वाटा ठरवतो. महाराष्ट्राला त्याबद्दल तक्रार असतेच, पण तक्रार ऐकायला एक घटनात्मक संस्था तरी आहे. वेल्सचा वाटा लंडनचं अर्थखातं काढतं आणि वाद झाला तर पहिला शब्दही त्याच खात्याचा.

रूळ एक इंच नाही, तरी रेल्वे 'वेल्सची'

या सूत्रातला सगळ्यात चविष्ट भाग म्हणजे 'तुलनीयता'. लंडनचा एखादा खर्च वेल्सकडे सोपवलेल्या विषयातला किती, त्याची टक्केवारी. शाळा पूर्ण सोपवलेल्या, म्हणून 100 टक्के. लष्कर अजिबात नाही, म्हणून शून्य.

आता एचएस-टू घ्या, म्हणजे लंडन ते बर्मिंगहॅमची वेगवान रेल्वे. ही सगळी इंग्लंडमध्ये. वेल्समध्ये एक इंच रूळ नाही. तरी तुलनीयता स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडसाठी 100 टक्के, वेल्ससाठी शून्य! कारण रुळांची जबाबदारी त्या दोघांकडे सोपवलेली आहे, वेल्सकडे नाही. म्हणून कागदोपत्री हा 'इंग्लंड आणि वेल्स'चा प्रकल्प ठरला. सामाईक विहिरीतून थोरल्याच्या शेताला पाइपलाइन टाकायची आणि धाकट्याला सांगायचं, विहीर तुझीही आहे ना, मग तुलाही पाणी मिळालंच.

2021 मध्ये संसदेच्या वेल्स व्यवहार समितीने हा प्रकल्प फक्त इंग्लंडचा धरा अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. वेल्सवादी पक्ष प्लाइड कम्री आणि त्यांच्या खासदार लिझ सॅव्हिल रॉबर्ट्स हा प्रश्न इतक्यांदा विचारत आल्या आहेत की बाकीच्यांना तो पाठ असेल. त्यांचा पक्ष 400 कोटी पौंड बुडाले म्हणतो. इतर जण याहून खूप कमी आकडा सांगतात, कारण हिशेब कुठल्या वर्षापासून आणि कुठल्या तुलनीयतेने धरायचा यावर एकमत नाही.

"मंत्री टोलवणारच, मग विचारायचं कशाला?"

हा आक्षेप सगळ्यांच्या मनात येतो, माझ्याही आला होता. "हा प्रश्न कार्डिफला विचारा" हे उत्तर ब्रिटिश संसदेत इतकं ऐकू येतं, जितकं आपल्याकडे "कायदा आणि सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे" हे ऐकू येतं.

पण टोलवणंसुद्धा नोंदीत जातं. संसदेतला शब्द न् शब्द छापला जातो, आणि जाणूनबुजून खोटं बोललेल्या मंत्र्याने राजीनामा द्यावा अशी तिथली आचारसंहिता. त्यामुळे "हा आमचा विषय नाही" असं मंत्री जेव्हा म्हणतात, तेव्हा तेही एक उत्तरच असतं: पुढच्या महिन्यात त्याच विषयावर लंडनने कार्डिफला डावलून पैसे वाटले, तर खासदार ते वाक्य काढून दाखवू शकतो. आणि तसं होतंही. 2020 च्या अंतर्गत बाजारपेठ कायद्याने लंडनच्या मंत्र्यांना सोपवलेल्या विषयांतही थेट खर्च करण्याची मुभा दिली. युरोपीय संघाकडून वेल्सला येणारा विकासनिधी बंद झाल्यावर त्याच्या जागी आलेला निधी लंडनने थेट स्थानिक परिषदांकडे पाठवला. सवतीच्या हातून आपल्याच पोराला खाऊ मिळावा तसं कार्डिफला वाटलं.

प्रश्न हे एकटंच हत्यार नाही. लेखी प्रश्नाला आकड्यांसकट उत्तर मागता येतं, आणि मला विचाराल तर गलक्याच्या अर्ध्या तासापेक्षा त्यातून जास्त हाती लागतं. शिवाय ती वेल्स व्यवहार समिती. 2024 च्या सुरुवातीला तिच्यासमोर टाटा स्टीलचे प्रमुख टी. व्ही. नरेंद्रन यांनीही साक्ष दिली. मंत्र्याला अर्धा तास निभावून नेता येतं. समितीसमोर एकच प्रश्न चार बाजूंनी येतो.

रेल्वेचं म्हणाल, तर जून 2025 मध्ये लंडन सरकारने वेल्सच्या रेल्वेसाठी दहा वर्षांत 44.5 कोटी पौंड जाहीर केले, आणि तिथल्या रेल्वेवर आजवर कमी खर्च झाल्याचं मंत्र्यांनी मान्यही केलं. हे प्रश्नांमुळेच झालं असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पण न विचारता अशी कबुली येते, असंही मी कुठे पाहिलेलं नाही.

"दोन्हीकडे एकच पक्ष आला की मिटलं ना?"

आपल्या भाषेत डबल इंजिन. जुलै 2024 मध्ये लंडनला मजूर पक्ष निवडून आला तेव्हा कार्डिफमध्येही त्याच पक्षाचं सरकार होतं. नव्या सरकारने टाटांशी पुन्हा बोलणी केली, अटी थोड्या सुधारल्या, पण अनुदान 50 कोटीच राहिलं आणि भट्ट्या ठरल्याप्रमाणे विझल्या. कर्ज काढायची कार्डिफची मर्यादा, समुद्रातल्या पवनचक्क्यांचं भाडं लंडनला जातं ते स्कॉटलंडसारखं वेल्सला मिळावं ही मागणी, एचएस-टू, कशावरही पक्षाचा रंग एक झाल्याने आपोआप तोडगा निघाला नाही. उलट सत्ताधारी बाकावरच्या वेल्श खासदाराची अडचण वाढली. स्वपक्षाच्या मंत्र्याला टोचायचं किती?

मग 12 एप्रिल 2025 चा शनिवार उजाडला. इंग्लंडमधल्या स्कंथॉर्पच्या झोतभट्ट्या बंद पडायच्या बेतात होत्या. ईस्टरची सुट्टी मोडून संसद बोलावली गेली आणि एका दिवसात कायदा करून सरकारने त्या कारखान्याचा कारभार हातात घेतला. सॅव्हिल रॉबर्ट्स यांनी सभागृहात विचारलं ते तुम्हीही ओळखलं असेल: हे पोर्ट टॉलबॉटसाठी का नाही? सरकारचा युक्तिवाद असा की तिथला करार आधीच्या सरकारने केला होता आणि मालक नव्या भट्टीत पैसा घालायला तयार होता. स्कंथॉर्पच्या चिनी मालकाचं तसं नव्हतं. युक्तिवादात तथ्य आहे. पण त्या शनिवारी पोर्ट टॉलबॉटच्या घराघरांत तो कसा ऐकला गेला असेल, हे सांगायला नको.

उलट बाजूचा राग

इंग्लंडच्या लोकांचीही तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. टॅम डॅलिएल नावाच्या स्कॉटिश खासदाराने 1977 मध्येच विचारलं होतं: उद्या स्कॉटलंडच्या शाळा तिथल्या विधिमंडळाकडे गेल्या, तर इंग्लंडच्या शाळांवर मी मत का द्यायचं? 2015 मध्ये यावर एक तोडगा काढून बघितला. नुसत्या इंग्लंडपुरत्या विधेयकांना इंग्लिश खासदारांची वेगळी संमती हवी असा. कटकटीचा ठरला, 2021 मध्ये गुंडाळला. प्रश्न तसाच आहे. वेल्सचे खासदार मात्र 2024 च्या निवडणुकीपासून 40 चे 32 झाले, म्हणजे 650 च्या सभागृहात आवाज आणखी बारीक.

पोर्ट टॉलबॉटला नव्या विद्युत भट्टीचं बांधकाम जुलै 2025 मध्ये सुरू झालं. वर्षाला 30 लाख टन पोलाद काढायची तिची क्षमता असेल. तिच्यावर काम करणारी पोरं कार्डिफच्या पैशाने शिकतील, तिची वीज आणि तिच्या मालावरचं शुल्क लंडनच्या धोरणाने ठरेल आणि ती चालवायची किती, हे मुंबईत. यातल्या दोघांना बुधवारी साडेअकराला काही विचारता येत नाही.